घरी सांगू नका

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर करायची तुमची कवायत सांगितलीत. वर्गाचे दिवे बंद करायचे, दाराच्या काचेवर काळा कागद लावायचा, सगळ्यांनी खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात जमिनीवर बसायचं आणि बाई सांगेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. धाकट्याला नेमकी तेव्हा उचकी लागली होती. मी विचारलं, मग काय केलंस? तो म्हणाला, काही नाही आजी, ते खरं नव्हतं, सराव होता. मग थोरलीने विचारलं, तुमच्याकडच्या शाळांमध्ये सुरक्षिततेसाठी काय असतं? मी म्हटलं, पेटी असते. तुम्ही हसलात आणि जेवायला गेलात.

हसण्यासारखंच होतं ते, पण उत्तर अर्धं राहिलं. अर्धं राहिलेलं काम मला आवडत नाही, हे तुमची आई सांगेल. तीच तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे.

मी वालचंदनगरच्या कॉलनीत वाढले. तिथे भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. घरांना क्रमांक, झाडांनाही क्रमांक. पुढे पुण्याला इंग्रजी शिकले आणि परत येऊन इंदापूर तालुक्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या काळात शाळेतली मारहाण ही तक्रारीची बाब नव्हती, अभ्यासक्रमाचा भाग होती. मुलाला शाळेत घालताना बाप म्हणायचा, "कातडं तुमचं, हाडं आमची." म्हणजे वरचं काय सोलायचं ते सोला, आतलं परत करा. माझ्याकडे एक लाकडी पट्टी होती. ती मी समास आखायला आणली होती. एकदा ती मी एका विद्यार्थ्याच्या हातावर मारली आणि ती तुटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी नवी पट्टी पाठवली, सागवानी, रंधा मारून गुळगुळीत केलेली. ती मी कुणाला मारली नाही. मारायला लाज वाटली, असं आज म्हणता येईल. तेव्हा ती फार जड होती म्हणून वापरली नाही.

तो विद्यार्थी आज एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळा भवानीनगरच्या पुढे एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आणि यातल्या कुणाचंच लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी तो बारामतीला माझ्या घरी आला आणि म्हणाला, "बाई, वरून आदेश आलाय. विद्यार्थी सुरक्षा समिती करायची आहे. त्यात बाहेरची एक महिला लागते."

"मी बाहेरची कशी? निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय."

"कागदावर बाहेरच्या. गावातल्या ज्या आहेत त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या कोणीतरी लागतात."

मी हो म्हटलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एसटीने जायचं, बैठक घ्यायची, इतिवृत्त लिहायचं. इतिवृत्त म्हणजे बैठकीत कोण काय बोललं याची नोंद. ते लिहायला दुसरं कुणी तयार नसतं आणि मला ते आवडतं.

आदेशात तक्रारपेटीही होती. नवी घ्यायची तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवावी लागतात. तेवढा वेळ नव्हता, म्हणून मुख्याध्यापकाने आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची जुनी पेटी आणली. लोखंडी, कुलूप लागणारी, पावसात न गंजलेली. तिच्या दारावर कवटी आणि खाली दोन हाडं होती, विजेचा धोका दाखवायला असतात तशी. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यावर लाल रंगाचे दोन हात दिले आणि पांढऱ्या अक्षरांत 'तक्रारपेटी' लिहिलं. उन्हात बघितलं की अक्षरांच्या मागे कवटी दिसायची.

चोरीला जाऊ नये म्हणून पेटी मुख्याध्यापकाच्या खुर्चीमागे लावली. म्हणजे ज्या मुलीला गुपचूप तक्रार करायची आहे तिने आधी विचारायचं, "आत येऊ का सर?" मग त्यांच्या खुर्चीला वळसा घालून मागे जायचं, चिठ्ठी टाकायची आणि "येते सर" म्हणून बाहेर पडायचं. तीन महिने मी इतिवृत्तात लिहिलं : पेटी उघडली. तक्रारी निरंक. निरंक म्हणजे शून्य, पण सरकारी.

समितीचे अध्यक्ष गावातलेच मोठे ऊसवाले. माणूस मनाने वाईट नाही. ते म्हणाले, "बघा बाई, आपल्याकडं तक्रारच न्हाय."

चौथ्या महिन्यात मी पेटी हलवायला लावली. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, जिथे कुणी का थांबलंय असं कुणी विचारत नाही, तिथे ती लावली. पुढच्या महिन्याच्या शनिवारी पेटीत सात चिठ्ठ्या होत्या. मुख्याध्यापकाने समितीसमोर एकेक मोठ्याने वाचली. खिचडीत खडे येतात. सहावीचा पंखा फिरत नाही, नुसता वाजतो. खेळाच्या तासाला खेळू द्यावे. गणिताच्या सरांनी तोंड धुऊन यावे, तंबाखूचा वास येतो. गणिताचे सर समितीत होते. त्यांनी तोंड मिटलं आणि बैठक संपेपर्यंत उघडलं नाही.

सातवी चिठ्ठी अशी होती : "आम्ही पाटाच्या पुलावरून शाळेत येतो. तिथे तीन मुले मोटारसायकल आडवी लावतात. सायकलची हवा सोडतात. ओढणी ओढतात. ती शाळेतली नाहीत, मोठी आहेत. घरी सांगू नका."

खाली नाव नव्हतं. आठवीच्या वर्गशिक्षिकांनी चिठ्ठी हातात घेतली आणि त्या म्हणाल्या, "हे अक्षर माझ्या वर्गातलं आहे." मग त्यांनी मुलीचं नावच सांगितलं. वर्षभर वह्या तपासणाऱ्या माणसापासून अक्षर कसं लपणार? निनावी तक्रारीची सोय करताना हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "कुठली मोटारसायकल?" सगळे पंख्याकडे बघत होते. तिघांतला एक अध्यक्षांचाच मुलगा होता, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेरची, ती अशी.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाची नाही.

पोलीस पाटलांना तोंडी कळवायचं ठरलं. ते म्हणाले, बघतो. पण मला लेखी काहीतरी हवं होतं. माझ्या नोकरीत प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी घरी जायची आणि सही होऊन परत यायची. मी तिथेच बसून मुलीच्या वडिलांना पत्र लिहिलं. सुबक लिहिलं. 'आपल्या पाल्यास शाळेत येताना होत असलेल्या त्रासाबाबत' असा विषय घातला, मुलांची नावं घातली नाहीत, शेवटी 'शाळा आपल्या पाठीशी आहे' असं लिहिलं. 'घरी सांगू नका' हे वाक्य मी वाचलं होतं. मुलं असं लिहितातच, असं मला वाटलं. शिपायाच्या हाती पत्र गेलं आणि पोच घेऊन तो परत आला. ती पोच मी वहीत चिकटवली.

पुढच्या गुरुवारी मुख्याध्यापकाचा फोन आला. "बाई, पत्राचं उत्तर आलंय."

"काय म्हणतात?"

"दाखल्याचा अर्ज आहे."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर तो नेतात. दुसऱ्या शाळेचं नाव अर्जात नव्हतं. 'कारण' या शब्दापुढे 'घरगुती' असं लिहिलं होतं. मुलगी सोमवारपासून आली नव्हती. आठवीतल्या मुलीचा दाखला घरगुती कारणासाठी काढतात तेव्हा पुढे काय होतं, हे मला तीस वर्षांत पुष्कळदा दिसलं होतं. एक-दोन वर्षांनी लग्नाची पत्रिका येते आणि आपण वय विचारायचं नसतं.

"तू दाखला दिलास?"

"दाखल्याचं पुस्तक संपलंय म्हणून सांगितलंय. संपलेलं नाही. आठ दिवस निघतील."

शुक्रवारी दुपारी मी गेले. मुख्याध्यापकाने मला मोटारसायकलवर मागे बसवून मुलीच्या वस्तीवर नेलं. वाटेत पाटाचा पूल लागला. साधा दगडी पूल, दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा, आणि दोन्हीकडे ऊस इतका उंच की पुलावर काय चाललंय ते गावातून दिसत नाही.

मुलीचे वडील गोठ्यातून हात धुऊन आले. "बसा बाई. तुमी कळवलं, लई उपकार झालं. आमाला ठावंच नव्हतं. ठाव नव्हतं तवर बरं चाललं हुतं."

मी म्हटलं, "मग शाळा का बंद केलीत?"

"पोचवायला कोण जाणार? सकाळी धारा, मग डेरीला दूध, मग उसाला पाणी. लाईट येती ती बी त्याच टायमाला."

"पोलिसांत जा. शाळा बरोबर येईल."

"पोरं काय, गाडी बदलत्यात. पोरीला नाव बदलता येतं व्हय?"

"म्हणजे मुलं तशी वागणार आणि शाळा मात्र हिची बंद?"

"व्हय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. गणित त्यांनी आधीच करून पाहिलं होतं आणि दर वेळी हेच उत्तर आलं होतं.

मुलीची आजी ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिने मला विचारलं, "तुमची नातवंडं कुठं असत्यात?"

"परदेशात."

"लांब?"

"विमानाने एक दिवस लागतो."

"आमच्या पोरीला पुलापल्याड धाडायची हुती तेवढी," ती म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

मुलगी चहा घेऊन आली. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मी लिहिलं होतं, घरी सांगू नका म्हणून."

"हो. वाचलं होतं मी."

ती थोडा वेळ उभी राहिली. मी आणखी काही म्हणेन असं तिला वाटलं असावं. ती ताटली घेऊन आत गेली.

काही सुचत नाही तेव्हा मी वेळापत्रक करते. पिशवीतून वही काढली आणि घरातलं कोण सकाळी दहा ते साडेदहा कुठे असतं ते विचारून लिहायला लागले. वडील : डेअरी. आई : दुसऱ्याच्या रानात खुरपायला. चुलते : कारखान्यात, पहिली पाळी. मुख्याध्यापक चहात बघत होता. त्याला माझी ही सवय माहीत आहे.

"आणि तुम्ही?" मी आजीला विचारलं.

"मी काय, उनाला बसते. देवळामागं."

"एकट्याच?"

"एकटीनं ऊन गोड लागतंय व्हय? पाच जणी असतो."

मी लिहिलं : आजी, देवळामागे, ऊन. लिहून झाल्यावर मी त्या ओळीकडे बघत राहिले असेन, कारण तिने लसूण खाली ठेवला.

"म्हंजी आमी पुलावर बसावं म्हनता?"

"मी काही म्हटलं नाही."

"ऊन तितं बी असंलच की."

मुलीचे वडील म्हणाले, "आये, लोक काय म्हनत्याल?"

"मलाच म्हनत्याल ना? मला कमी ऐकू येतंय."

वडिलांनी विचार केला. मग मुख्याध्यापकाला म्हणाले, "आठ दिस बघू, सर. अर्ज ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

सोमवारी सकाळच्या एसटीने मी मुद्दाम गेले. गळीत हंगाम चालू होता. पुलावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. कठड्याला पाठ लावून पाच म्हाताऱ्या पोती अंथरून बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर उसाचं कांडं होतं. ट्रॉलीतून पडलं म्हणाली. दात नसताना ती त्याचं काय करणार होती, ते मी विचारलं नाही.

दहा वाजून गेल्यावर तिघे एका मोटारसायकलवरून आले. म्हाताऱ्या बघून गाडी थांबली. दोघे उतरले, का उतरलो ते त्यांनाही कळलं नसावं.

मुलीच्या आजीने पहिल्याला विचारलं, "कुणाचा रं तू?"

त्याने हळूच सांगितलं.

"म्हंजी खालच्या आळीचा. तुझ्या आईचं मणक्याचं आपरेशन झालं न्हवं? मग घरात पाणी कोण भरतंय?"

"बहीण."

"आन तू हितं काय करतूस?"

म्हातारी दुसऱ्याकडे वळली. "आन तू? तोंड वर कर. तुझा आजा असाच मान खाली घालून हिंडायचा. बाजारात बैल विकायला गेला आन दुसऱ्याचाच इकून आला."

बाकीच्या हसल्या. दुसरा हसला नाही. तिसरा गाडीवरून उतरलाच नव्हता. मुलीची आजी त्याला विचारणार तेवढ्यात उसाचं कांडं घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "त्याला इचारू नगा. त्यो माझा हाय."

ती अध्यक्षांची आई होती. ती तिथे रोजच्यासारखी मैत्रिणींबरोबर उन्हाला आली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. तिने नातवापुढे हात केला. "चावी आन."

"आज्जे, मला कॉलेजला—"

"चावी."

त्याने चावी दिली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. "आता ढकलत ने घरला. आन बाजूनं ने, सायकली यायच्यात."

त्याने गाडी ढकलत नेली. थोड्या वेळाने आठ सायकली आल्या. मुलगी तिसऱ्या सायकलवर होती. तिने आपल्या आजीकडे बघितलं नाही. तिच्या जागी तुम्हीही बघितलं नसतं.

हे एवढ्यावर मिटलं नाही. दोन दिवसांनी पोरं पुलाच्या अलीकडे, पाण्याच्या चारीपाशी बसू लागली, तेव्हा दोन म्हाताऱ्या तिकडे सरकल्या. मग पोरं भवानीनगरच्या मोबाइलच्या दुकानापुढे बसायला लागली. तिथल्या मुलींचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते मला बोचतं. मी तिथल्या एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन केला. ती म्हणाली, बघते. पुढच्या बैठकीत अध्यक्ष आपल्या मुलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, "आईला आता साडेनवालाच जेवाण वाढावं लागतंय. धाला तिची ड्यूटी असती."

पूल सुरक्षित झाला, असं मी लिहिणार नाही. सकाळी दहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच तो सुरक्षित असतो. बाकीच्या वेळी तो पूल असतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या पलीकडच्या बाभळीखाली सरकल्या, पावसाळ्यासाठी शाळेने ताडपत्री दिली. एक मधे आजारी पडली तर तिची सून येऊन बसली, मटार सोलत.

समितीच्या वहीत मी एक रकाना वाढवला : 'घरी कळवण्यापूर्वी विद्यार्थ्याला विचारले का?' मुख्याध्यापक म्हणाला, "बाई, वरून आलेल्या नमुन्यात हा रकाना नाही." मी म्हटलं, कागदावर जागा आहे. चिठ्ठ्या आता कुणासमोर मोठ्याने वाचत नाही. आधी मी एकटी वाचते, कारण मला गावातली अक्षरं ओळखू येत नाहीत.

राहिला तो दाखल्याचा अर्ज. वडिलांचे आठ दिवस संपले, मग पंधरा झाले, मग वार्षिक परीक्षा आली. अर्जाचं कुणी काही बोललं नाही, पण तो फायलीत होता. मी मुख्याध्यापकाला म्हटलं, फाडून टाक. तो म्हणाला, "आवक क्रमांक पडलाय, बाई. क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही." तो बरोबर होता. मीच त्याला तसं शिकवलं असणार.

नववीचे वर्ग भरले तेव्हा मुलगीच त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "सर, तो अर्ज अजून आहे का?" त्याने तिला फाइल दाखवली. तिने विचारलं, रद्द कसा होतो? तो म्हणाला, पालकांचा दुसरा अर्ज लागतो.

जुलैच्या शनिवारी बैठक संपल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. त्या चहाच्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. तिने वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. अक्षर तिचं, खाली सही वडिलांची. लिहिलं होतं : 'मी माझ्या मुलीचा दाखला मागितला होता. तो आता नको. पूर्वीचा अर्ज रद्द समजावा. कारण : माझी आई व इतर चार जणी पुलावर बसतात.'

सवयीने माझ्या हातात पेन आलं होतं. मी म्हटलं, "हे वडिलांनी सांगितलं, की तू लिहिलंस?"

"मी लिहिलं. वाचून दाखवलं, मग सही केली त्यांनी."

"यात काही बदलू का?"

"नको," ती म्हणाली.

मी पेन ठेवलं. ती स्वतःच कागद घेऊन कार्यालयात गेली. मुख्याध्यापकाने त्यावर आवक क्रमांक घातला, पहिल्या अर्जाच्या वर लावला आणि फाइल बंद केली.